छातीवरचा गवा

राधानगरीच्या वरच्या अंगाला आमचं थोडं रान आहे. ऊस कमरेएवढा झाला की आबा रात्रीचे माळ्यावर झोपायचे. उशाला काठी आणि रिकामा पत्र्याचा डबा. गवा आला की डबा बडवायचा. शाळेत असताना डबा बडवायची पाळी बहुधा माझी असे. अंधारात ते धूड दिसत नाही, दिसतात फक्त गुडघ्याखालचे पांढरे पाय, मोजे घातल्यासारखे. दाजीपूरला गवे बघायला मुंबईहून लोक गाड्या करून येतात. आमच्याकडे ते न बोलावता यायचे.

कॉलेजसाठी कोल्हापुरात आलो आणि शाहू स्टेडियमची चटक लागली. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी तालमींची नावं. ज्या तालमीत कुस्ती, तिथल्याच पोरांनी फुटबॉल धरला आणि संघाला तालमीचं नाव आपसूक लागलं. पेठ कुठली, एवढं कळलं की माणूस कुठल्या बाजूनं ओरडणार हे कळतं. त्यामुळे नाव आणि जनावर बसून ठरवायचं, ही कल्पनाच मला नवी होती.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मडगावहून आतेभावाचा फोन आला. "आमच्या टीमचं नाव ऐकलंस का? गौर्स!"

"गौर? भाद्रपदात येते ती?"

तो खूप हसला. मग त्यानं बोधचिन्हाचा फोटो पाठवला. बघतो तर शिंगं उगारलेला आमचा गवा!

कारण सरळ होतं. एफसी गोवा हा क्लब नवा, त्याच्यामागे ना तालीम ना पेठ. अख्ख्या गोव्याचं म्हणता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. मोलेच्या जंगलात तो आहे, सह्याद्रीत इतरत्रही आहे. शिवाय अंगानं दांडगा, नुसतं बघूनच समोरच्यानं बाजूला व्हावं असा. (आपला राज्यप्राणी शेकरू. देखणा आहे, पण बचावफळीच्या छातीवर शोभेल असं मला वाटत नाही.) इंग्रज शिकाऱ्यांनी गव्याला बायसन म्हणायची खोड लावली, ती दाजीपूरच्या पाट्यांपर्यंत पोचली. खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात. गोवेकरांनी निदान नाव तरी बरोबर घेतलं. गौर हा मूळ संस्कृत शब्द. इंग्रजीत जाऊन शेवटी 'स' लावून परत आला, म्हणून मला ओळखू आला नाही.

२० डिसेंबर २०१५ ला मडगावात, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर लीगचा अंतिम सामना होता, चेन्नईयिनविरुद्ध. आदल्या रात्री मी आणि मित्र मोटरसायकलवरून निघालो, दाजीपूरवरून फोंडाघाट उतरून. घाटाच्या तोंडाशी डावीकडे काहीतरी हललं. मित्रानं वेग वाढवला. मला हसू आलं. ज्याच्या नावानं ओरडायला चाललो होतो त्यालाच भिऊन पळत होतो.

स्टेडियमभर झेंडे, ढोल आणि 'फोर्सा गोवा'चा गजर. पोर्तुगीज शब्द, पण अर्थ विचारावा लागला नाही. झिको प्रशिक्षक होता, तो ब्राझीलचा झिको. ८७व्या मिनिटाला जोफ्रेनं गोल केला आणि गोवा २-१ पुढे गेला. शेजारच्या अनोळखी काकांनी मला मिठी मारली, त्यांच्या जर्सीवरचा गवा माझ्या नाकाला घासला. मीही घसा फुटेस्तोवर "गौर्स, गौर्स" ओरडलो. बापाच्या शेतात डबा बडवणारा मी! पुढच्या पाच-सहा मिनिटांत चेन्नईयिनच्या खात्यात दोन गोल जमा झाले आणि त्यांनी ३-२ नं चषक नेला. काका खाली बसले ते उठेचनात.

आतेभावानं निघताना एक जर्सी दिली. ती बघून आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्याला छातीवर घेऊन फिरतात व्हय तिकडं? फुकट नाचवतात. आमच्याकडनं न्या म्हणावं चार."

त्या हंगामात गव्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई मागायला पंचनामा झाला, त्याचं पुढं काही झालं नाही. जर्सी मला घट्ट झाली तशी आबांनी मागून घेतली आणि उसाच्या कडेच्या बुजगावण्याला चढवली. गवा त्यानंतर दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला त्यानं बुजगावणंच आडवं केलं.