खेळ एक, नावे अनेक

मी पुण्यात, कोथरूडला राहतो. पूर्वी हे पुण्याजवळचे एक लहान गाव होते. आता येथे अनेक प्रांतांतली माणसे शेजारी-शेजारी राहतात. संध्याकाळी त्यांची मुले मैदानात एकत्र खेळतात.

एकदा मुलांनी कबड्डीचा डाव मांडला. बंगालहून नुकताच आलेला एक मुलगा आनंदाने म्हणाला, "हा तर आमचा हाडुडू!" ते नाव ऐकून बाकीची मुले हसू लागली. तो बिचारा खाली मान घालून बाजूला उभा राहिला. मला वाईट वाटले. मी मुलांना म्हणालो, "अरे, मी तुमच्याएवढा होतो तेव्हा आम्ही या खेळाला हुतूतू म्हणत होतो. मग मलाही हसा!" सगळे गप्प झाले.

"पण एकाच खेळाला इतकी नावे कशी?" एका मुलीने विचारले.

कारण सोपे आहे. चढाई करणारा खेळाडू एका दमात एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो. त्यावरून त्याचा दम टिकला आहे की नाही, हे समोरच्यांना कळते. महाराष्ट्रात हा शब्द 'हुतूतू' होता, बंगालमध्ये 'हाडुडू', तर तमिळनाडूत 'सडुगुडु'. जो शब्द तोंडात, तेच खेळाचे नाव! पुढे निरनिराळ्या प्रांतांचे संघ एकमेकांशी खेळू लागले. तेव्हा सर्वांसाठी सारखे नियम आणि एक नाव आवश्यक झाले. 'कबड्डी' हे नाव रूढ झाले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत याच नावाच्या खेळात भारताने सुवर्णपदक मिळवले.

हे ऐकल्यावर मुलांनी ठरवले, की आज ज्याने त्याने आपापल्या शब्दाने चढाई करावी. बंगालचा मुलगा 'हाडुडू, हाडुडू' म्हणत निघाला आणि दोन गडी बाद करून परतला. या वेळी सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

कधी कधी खेळाला गावाचेही नाव मिळते. एकोणिसाव्या शतकात पुण्यातले इंग्रज अधिकारी फूल आणि रॅकेट घेऊन एक खेळ खेळत. त्याला ते 'पूना' म्हणत. इंग्लंडमध्ये एका सरदाराच्या 'बॅडमिंटन' नावाच्या वाड्यात तो खेळला गेला. तिकडचे नाव जगभर पसरले आणि आमच्या पुण्याचे नाव मागे पडले.

तुमच्या घरी ज्याला 'गुल्ली-डंडा' म्हणतात, तो मराठीत 'विटीदांडू'. लाकूड तेच, खेळही तोच. म्हणून एखादे नाव कानाला नवे वाटले तरी हसू नये. त्या नावामागे कुणाचे तरी बालपण असते.