डूटी

आमच्या घरी दिवसा मोठ्याने बोलायची मनाई असे. अकोल्याचे दोन खोल्यांचे घर. आतल्या खोलीच्या खिडकीला आईने जुन्या सतरंजीचा पडदा लावलेला आणि त्या अंधारात बाबा झोपलेले. कुणी दार वाजवले की आई धावत जाऊन ओठांवर बोट ठेवी आणि हळूच सांगे, "नाईट हाय त्याईची." लहानपणी मला वाटायचे, नाईट हे एखाद्या दुखण्याचे नाव असावे. ते दिवाळीनंतर येते, होळीच्या सुमारास उतरते आणि चांगल्या धडधाकट माणसाला भर दुपारी अंथरुणात पाडून ठेवते.

बाबा जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर आहेत. वऱ्हाडातल्या वाचकाला जिन समजावून सांगायला नकोच. हंगामात कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रांग लावून उभ्या राहतात, म्हणून रेचे दिवसरात्र चालतात. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे. मग रुई दाबून सुमारे १७० किलोची एकेक गाठ बांधायची. चामड्याचा रोलर झिजला किंवा बेअरिंग तापले की बाबांना हाक येते. तापलेले बेअरिंग वेळेवर कळले नाही तर ठिणगी पडते आणि रुईला ठिणगी पुरे असते. बाबांचे शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी शब्द त्यांना मोजून पंधरा-वीस येत असतील. पण ते बहुतेक रात्रीच्या पोटातले. नाईट, शिफ्ट, डूटी, डबल, ओटी, रिलीवर, वाचमन. एवढ्या भांडवलावर त्यांनी सव्वीस हंगाम काढले.

मी अमरावतीला बी. ए. करायला आलो, वसतिगृहात राहू लागलो आणि मला इंग्रजीचे उच्चार कळू लागले. अर्धवट ज्ञानाची खाज फार वाईट! गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझे दोन वर्गमित्र घरी आले होते. संध्याकाळी बाबा कपडे करून बाहेर आले आणि म्हणाले, "बसा बाप्पा तुम्ही आरामात. माही नाईट डूटी आहे." मी हसत हसत म्हणालो, "बाबा, डूटी नाही हो, ड्यूटी. ड्यू-टी." मित्र हसले. बाबाही हसले. "आमाले काय समजते," असे म्हणून त्यांनी डबा उचलला आणि सायकल काढली.

गोष्ट एवढीच. मी ती विसरूनही गेलो. पुढे फोनवर बोलताना मात्र काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. बाबा म्हणत, "चाल, ठेवतो आता, कामावर जातो." कधी म्हणत, "जिनात जातो." असे तीन-चार महिने गेल्यावर एकदा आईला विचारले, "बाबा आजकाल डूटी म्हणत नाहीत का?" आई म्हणाली, "तुह्यासमोर नाई म्हणत." मला पुढे काही बोलता आले नाही.

यंदा भाषाविज्ञानाच्या पेपरासाठी सरांनी एक प्रकल्प दिला : आपल्या घरात, गल्लीत रुळलेले परभाषेतले शब्द गोळा करा आणि त्यांचे मूळ शोधा. मुलांनी टेबल, कप, बस असे शब्द घेतले. मी बाबांची नाईट घेतली. ग्रंथालयात बसून जाडजूड कोश उघडले आणि पहिल्याच दिवशी थोडा ओशाळलो; कारण ज्या शब्दांचे उच्चार मी शिकवायला निघालो होतो, त्यांचे अर्थ मला ठाऊक नव्हते.

'शिफ्ट' या शब्दाचा जुना अर्थ वाटणी करणे, लावून देणे. पुढे तो बदलण्याकडे वळला. अंगातल्या आतल्या कपड्यालाही इंग्रज एकेकाळी शिफ्ट म्हणत, तो रोज बदलायचा म्हणून! कपडा बदलावा तशी माणसे बदलायची आणि यंत्र तेच ठेवायचे, ही शिफ्ट. आपल्या 'पाळी'चे तसे नाही. आमचे आजोबा शेतात वखराच्या दोन-दोन पाळ्या देत. तिथे पाळी म्हणजे जमिनीवरून पुन्हा एकदा जाणे. आज तुझी, उद्या माझी, असा तिचा न्याय.

'वॉच' आणि 'पहारा' यांची गंमत तर फारच सुंदर आहे. इंग्रजी वॉच मुळात जागण्यापासून आला. जागे राहणे, राखण करणे म्हणजे वॉच. पुढे मनगटावरच्या घड्याळालाही तेच नाव पडले. आपल्याकडे नेमके उलटे घडले. दिवसरात्रीचे आठ प्रहर हे काळाचे माप, आणि त्या प्रहरावरून झाला पहारा. त्यांनी राखणदारावरून घड्याळाचे नाव घेतले, आपण घड्याळावरून राखणदारीचे. आमच्या फाटकावरच्या वाचमनकाकांच्या मनगटावर घड्याळ नाही. पण त्यांच्या नावातच ते आहे, हे मला कोशाने सांगितले.

आणि खुद्द 'नाईट'? आमची आजी श्रावणातल्या सोमवारी नक्त करते. दिवसभर निरंकार आणि रात्री एकदा जेवण. हा 'नक्त' संस्कृतातला, अर्थ रात्र. लॅटिनमधला नॉक्स, जर्मनमधला नाख्ट आणि इंग्रजीतला नाईट ही सगळी त्याच कुळातली भावंडे. म्हणजे देवघरात बसणारी आजी आणि डबा घेऊन निघणारे बाबा एकाच कुळातला शब्द बोलत होते, आणि दोघांच्या मधल्या खोलीत इंग्रजीचे पुस्तक घेऊन बसलेल्या मला त्याचा पत्ता नव्हता!

'ड्यूटी' मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्या शब्दाच्या पोटात 'ड्यू' आहे. ड्यू म्हणजे देणे लागणे. ड्यूटी म्हणजे जे फेडायचे आहे ते. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. बाबा कुणाचे देणे लागतात? हंगामात ते डबल का करतात, हे मला चांगले माहीत होते. वसतिगृहाचे पैसे दर महिन्याला माझ्याच खात्यावर येत होते.

डिसेंबरात बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरली. मूर्तिजापूर गेले, अकोला आले. मी घरी न जाता बाबांबरोबर जिनात रात्र काढायचे ठरवले होते. शब्द जागेवर जाऊन ऐकावेत, असे सरांनी सांगितले होते; निदान मी स्वतःला तसे सांगत होतो.

जिनातल्या रात्रीला रंग असतो. दिव्याखाली रुईचे बारीक तंतू बर्फासारखे तरंगत राहतात आणि सगळे कामगार पहाटेपर्यंत पांढरे होतात. बाबांनी तोंडाला रुमाल बांधला होता. ते एकेका रेच्यापाशी जाऊन उलटा तळहात बेअरिंगजवळ धरीत आणि पुढे सरकत. आई मुलांच्या कपाळावर हात ठेवते तसे. पहाटे तीनला आवाराच्या टोकाला, रुईपासून लांब, चहा झाला. मी माझा शब्दांचा साठा बाहेर काढला. म्हणालो, "बाबा, इंग्रजीत या पाळीला ग्रेव्हयार्ड शिफ्ट म्हणतात. म्हणजे स्मशानपाळी."

बाबा म्हणाले, "तिथं कोणी चहा मांगत नाई. अथी मांगते."

मग फोर्टनाईट सांगितला. फोर्टनाईट म्हणजे चौदा रात्री. आपला पंधरवडा, पण त्यांनी तो रात्रींनी मोजला. जुने जर्मन लोक काळ दिवसांनी नाही, रात्रींनी मोजत, असे टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. बाबांची पाळीही पंधरा दिवसांनी बदलते. ते म्हणाले, "बराबर हाय. दिवस तं निघूनच जाते. मोजा लागते ते रात."

तिसरी गोष्ट कायद्याची. १९४८ च्या कारखाने कायद्यात रातपाळीसाठी एक वेगळे कलम होते. (त्या कायद्याच्या जागी आता २०२० सालची संहिता आली आहे.) ज्याची पाळी मध्यरात्र ओलांडते, त्याचे बारानंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे आणि त्याचा पुढचा दिवस पाळी सुटल्यापासून चोवीस तासांचा मानायचा, असे ते सांगत होते. सगळ्या जगाची तारीख बाराच्या ठोक्याला बदलते. रातपाळीच्या माणसाची त्याने हात धुतल्यावर. बाबांनी कपातला चहा संपवला आणि विचारले, "म्हंजे आता तुहा मंगळवार हाय अन् माहा सोमवारच चालू हाय?"

मी म्हणालो, "हो."

"म्हनूनच मले तुमच्या मांगं रायल्यासारखं वाटते," ते म्हणाले आणि हसत उठले.

'ड्यूटी'चा अर्थ तेवढा मला सांगता आला नाही. तोंडाशी आला आणि परत गेला.

सहा वाजले. सुटायची वेळ झाली, पण रिलीवर आला नाही. त्याचे मूल तापाने फणफणले होते. कार्यालयातून फोन आला तेव्हा बाबा पायरीवर बसून कपडे झटकत होते. माझ्याकडे पाठ होती. ते फोनवर म्हणाले, "काही फिकर नाई साहेब, मी आहो डूटीवर."

आणि लगेच त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. वर्गात चुकलेला मुलगा मास्तरांकडे पाहतो तसे.

त्या नजरेची मला आजही लाज वाटते. माझी, त्यांची नव्हे. मी पिशवी उचलली आणि म्हणालो, "बाबा, मी घरून डबा घेऊन येतो. तुमची डूटी कितीपर्यंत हाय?"

ते क्षणभर काही बोलले नाहीत. भुवयांवर, मिशांवर रुई बसलेली. मग म्हणाले, "दोनपर्यंत. अन् आईले म्हना, भाकर जास्त टाक. दोघं खाऊ."

प्रकल्प मी जानेवारीत दिला. सरांनी तो आपुलकीने तपासला, गुणही चांगले दिले. एका शब्दाखाली मात्र लाल रेघ ओढून समासात लिहिले होते, 'उच्चार तपासावा'. सरांचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. तरी हा लेख अंकासाठी उतरवून काढताना, त्यांची क्षमा मागून, मी तो शब्द होता तसाच ठेवला आहे.