आजोबांच्या ट्रंकेतलं पिस्तूल

आपल्याकडे गाव कितीही लहान असो, त्यातला एखादा तरी माणूस फौजेत गेलेला असतोच. तो गेला की त्याच्यामागे घरात उरतं ते एखादं पदक, एक पिवळा पडलेला फोटो आणि काळी पत्र्याची ट्रंक. क्वचित एखाद्या घरी त्या ट्रंकेत हत्यारही निघतं. तसं निघालं तर काय करावं, हे आमच्या घरावर वेळ आली तेव्हा आम्हाला कळलं. इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

माझं माहेर खडकीचं. इंग्रज तिला किरकी म्हणत. 1817 साली इथं पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. पुढं 1869 साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. माझे वडील त्याच कारखान्यात होते. आजोबा त्याआधीचे फौजी. 114 व्या मराठा पलटणीतून ते पहिल्या महायुद्धात मेसापोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकात गेले. 1918 च्या ऑक्टोबरात शरकातच्या लढाईत ही पलटण गाजली होती.

आजोबांच्या पिस्तुलाची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पाहिलं मात्र कुणी नव्हतं. आजी सांगायची, तुर्की अंमलदाराला लोळवून त्याच्या कमरेचं काढून घेतलं. आमच्या मूळ गावची भावकी मात्र वेगळंच बोलायची: "कसला तुर्क न् कसलं काय! सरकारी माल पळवून आणलाय." हे बोलणं आजीच्या कानावर गेलं की ती दोन दिवस जेवायची नाही.

खडकीचं जुनं घर रिकामं करताना ट्रंकेचं कुलूप तोडावं लागलं. गरम कोटाच्या घडीत, तेलकट फडक्यात ते गुंडाळलेलं होतं. धाकट्या भावाचा चेहराच उतरला. म्हणाला, "ताई, ही नसती ब्याद. रात्री मुळेच्या पात्रात टाकून देऊ, कुणाला पत्ता लागायचा नाही." वहिनी म्हणाली, "गंज तरी काढा, काचकागदानं घासून ठेवू." मला दोन्ही पटेना.

शेजारी एक काका राहतात. उभी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपात हत्यारं दुरुस्त करण्यात गेली त्यांची. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी पोरांना बाहेर काढलं. म्हणाले, "जुनं हत्यार भरलेलंच आहे असं धरून चालायचं. चापाजवळ बोट न्यायचं नाही, नळी माणसाकडे करायची नाही." मग खटका दाबून नळी खाली मोडली. फिरत्या चक्रातली सहाही घरं रिकामी निघाली, तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला.

काका म्हणाले, "तुम्ही पिस्तूल म्हणता, पण हे रिव्हॉल्व्हर. सहा काडतुसांचं चक्र फिरतं ते रिव्हॉल्व्हर." मग भिंग लावून त्यांनी एकेक खूण आम्हाला वाचून दाखवली. बाजूला 'वेब्ले' हे नाव आणि 1917 साल. वरच्या पट्टीवर 'मार्क सहा'. म्हणजे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचं काम. इंग्रजी फौजेनं ही जात 1915 साली घेतली. नळी सहा इंची, काडतूस .455 चं, वजन किलोच्या जरा वर. आधीच्या वेब्लेंची मूठ गोलसर असे, हिची चौकोनी.

"म्हणजे तुर्काचं नव्हे?" मी विचारलं.

"तुर्काच्या हातीही इंग्रजी हत्यारं लागली होती. 1916 च्या एप्रिलात कूत पडलं, तेव्हा इंग्रजांची पुणे डिव्हिजनच त्यांच्या कैदेत गेली. पण हे बनलंय त्यानंतर. आणि ही खूण बघा."

एक बाण दिसला. तो सरकारी मालाचा शिक्का. जवळच आणखी एक खूण होती: दोन बाण, टोकाला टोक भिडलेले. काका म्हणाले, "सरकार आपलं हत्यार रीतसर विकून टाकी, तेव्हा हा छाप मारी. चोरीच्या मालावर हा छाप कशाला असेल?"

ट्रंकेच्या तळाशी एक कागद होता. 1878 च्या हत्यार कायद्याखालचा आजोबांच्या नावचा परवाना. त्यावरचा नंबर हत्यारावरच्या नंबराशी जुळला. भाऊ किती तरी वेळ त्या कागदाकडे बघत बसला. तुर्काची गोष्ट खोटी ठरली, पण चोरीचा डागही पुसला. आजी हयात असती तर तिला यातलं काय जास्त गोड लागलं असतं, हे मला विचारायची गरज नाही.

त्याच दिवशी भावानं पोलीस ठाण्यात खबर दिली. पंचनामा झाला, हत्यार जमा झालं, पावती मिळाली. कुणी वेडंवाकडं बोललं नाही.

आता बायाबापड्यांनो, एवढं ध्यानात ठेवा. परवाना ज्याच्या नावचा, त्याच्यामागं तो आपोआप वारसाचा होत नाही. हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं. घरात ठेवायचं असेल तर वारसानं स्वतःच्या नावे अर्ज करायचा. खेड्यात कलेक्टरकडे, पुण्यासारख्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. 'जुनंपुराणं आहे, त्याला काय होतंय' असंही म्हणू नका. 1959 च्या कायद्यानं सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्यारालाच, आणि ते आपण घरी बसून ठरवायचं नसतं. विहिरीत टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका, उडवून तर मुळीच बघू नका. आणि काचकागद लावू नका. नंबर घासून काढणं हाही गुन्हाच. शिवाय त्या गंजाखालीच तुमच्या माणसाची साक्ष कोरलेली असते. आमच्या आजोबांची साक्ष शंभरावर वर्षं तशीच थांबून होती. वहिनीच्या हातून ती घासली गेली असती, तर भावकीचं बोलणंच खरं होऊन बसलं असतं.