फट झाकायची की भरायची?

आमच्या घरातले लाकडी कपाट एका पायाने आखूड होते. वडिलांनी त्या पायाखाली लाकडाची पाचर दिली होती. कपाट कधी डुगडुगले नाही. या पाचरीने पुढे कारखान्यात माझी आणि माझ्याबरोबरच्या दोघींची पगारकपात वाचवली. आपली कितीतरी मुले-मुली आज आय.टी.आय. करून इलेक्ट्रॉनिक्सच्या लहान वर्कशॉपमध्ये कामाला लागतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

२०११ सालची गोष्ट. भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये आम्ही तिघी सोल्डरिंगच्या टेबलावर होतो. गाडी कुठे आहे ते कळवणारी यंत्रे तिथे तयार होत. यंत्राच्या बोर्डाला अँटेनाची वायर जोडण्यासाठी बोर्डाच्या काठावर पितळेचा एक लहान कनेक्टर बसवायचा असतो. त्याला एस.एम.ए. म्हणतात. त्याचे दोन पाय बोर्डाच्या वर येतात, दोन खाली आणि मधली बारीक पिन वरच्या ट्रॅकवर टेकते. चिमट्यात कागद धरावा तसा तो बोर्डाचा काठ धरतो.

आमचा कनेक्टर १.६ मि.मी. जाडीच्या बोर्डासाठी होता. बहुतेक बोर्ड तेवढ्याच जाडीचे असतात. त्या वेळी मात्र बोर्ड आले १ मि.मी.चे. पाय आणि बोर्ड यांच्यात फट राहू लागली. मी सुपरवायझरांना दाखवले. ते म्हणाले, "सोल्डर भर. दिसत नाही काही." मी भरले. नोकरी नवी होती, उलट बोलायची हिंमत नव्हती.

महिन्याभरात माल परत आला. कनेक्टर हलत होते, काही तर वायरीबरोबर उपटून आले होते. सोल्डर हा मऊ धातू. तो जोडण्यासाठी असतो, भार पेलण्यासाठी नाही. वायरीला हिसका बसला की जाड थरालाही तडा जातो. शिवाय फट भरायची म्हणून इस्त्री फार वेळ टेकवली की उष्णतेने बोर्डावरचा तांब्याचा पॅडच सुटतो. हे सगळे मला नंतर समजले. त्या दिवशी ऐकायला मिळाले ते एवढेच, "सवलतीवर शिकून आलेल्यांच्या हाताला वळण कुठले?" नुकसान आम्हा तिघींच्या पगारातून कापायचे ठरले.

त्या रात्री जेवण गेले नाही. रविवारी विहारात भन्तेजींनी कालाम सुत्त समजावले. केवळ परंपरेने चालत आले म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. घरी आले आणि नजर कपाटाच्या पाचरीवर गेली.

सोमवारी व्हर्निअर घेऊन आधी मोजले. फट ०.६ मि.मी. भरली. चोवीस गेजचा पितळी पत्रा ०.५६ मि.मी. जाड असतो. पायाच्या रुंदीचे दोन तुकडे कापले, कडा घासल्या आणि दोन्ही बाजूंना सोल्डरचा पातळ थर दिला. बोर्डाचा काठ कानशीने साफ केला, म्हणजे कनेक्टरचे अंग काठाला नीट चिकटून बसते. बोर्ड वरच्या पायांना टेकवला, कारण मधली पिन ट्रॅकवर सपाट बसली पाहिजे. वाकवून टेकवलेली पिन पुढे तुटते. उरलेली सगळी फट खाली घेतली आणि तिथे पत्र्याचे पॅकिंग सारले. आधी एकच पाय सोल्डर करून कनेक्टर सरळ आहे का पाहिले, मग बाकीचे पाय आणि शेवटी पिन.

एक बोर्ड पॅकिंगचा आणि एक नुसत्या सोल्डरचा घेऊन मी मालकांसमोर गेले. मल्टिमीटर बझरवर ठेवला, एक टोक कनेक्टरच्या मधल्या भोकात, दुसरे ट्रॅकवर. कनेक्टर हलवला की सोल्डरच्या बोर्डाचा आवाज तुटायचा. पॅकिंगच्या बोर्डाचा एकसारखा वाजत राहिला. मालक काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, सगळे असेच करा." पगार कापला गेला नाही. सुपरवायझर काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात नव्या मुलीला त्यांनी माझ्याच शेजारी बसवले.

पॅकिंग हा अडचणीतला उपाय आहे. बोर्डाच्या जाडीचाच कनेक्टर मागवणे केव्हाही उत्तम. बोर्ड कनेक्टरपेक्षा जाड असेल तर पाय फाकवून कोंबू नका आणि बोर्डही घासू नका, पॅडचे तांबे निघून जाते. तिथे दुसरा कनेक्टर हाच मार्ग. वायर लावताना कनेक्टर एका हाताने धरा आणि फक्त नट फिरवा. सगळा पीळ जोडावर येऊ देऊ नका.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराच्या हातात कौशल्य यावे, त्याच्या कामाला मान मिळावा, ही त्यांची तळमळ होती. ज्याच्याकडे मोजमाप आहे त्याला टोमण्याने गप्प बसवता येत नाही, हे मी त्या दिवशी अनुभवले. मुलांनो, फट दिसली की ती झाकू नका. मोजा, आणि तिच्या मापाचा आधार द्या. कोणी "दिसत नाही" म्हणाले तरी वायरीला हिसका बसायचा तो बसतोच.

जयभीम!