शिशाची कंबर

आज सकाळभर एअर रायफल शिकंज्यात आवळून छर्रे तपासले. १० मीटरवर कागद, प्रत्येक डब्यातले दहा-दहा छर्रे. ४.४९ मिमी डोक्याच्या छर्ऱ्यांची भोकं विखुरली, ४.५० च्या दहांनी मिळून एकच भोक पाडलं, कडा जराशी फाटलेली. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा! पण दहा गुणांचा ठिपकाच अवघा अर्धा मिलिमीटर. तिथे एवढंही डोंगराएवढं.

एक छर्रा भिंगाखाली धरला. बारीक कंबर, मागे पोकळ घेर. नळीतले आटे त्याला फिरकी देतात आणि हवेत हा घेर मागे ओढ धरून तोंड सरळ ठेवतो. माझ्या हातातल्याचा घेर एका बाजूनं चेपलेला होता. आजवर अशा किती चुकलेल्या नेमांसाठी मी माझ्या श्वासाला दोष दिला असेल!