नानिवाचा एकटा राजा

ओसाकाला गेलेला प्रवासी किल्ला पाहिल्यावाचून परतत नाही. पाहावाच, आजची इमारत १९३१ सालची आणि काँक्रीटची असली, तरी देखणी आहे. पण किल्ल्याच्या दक्षिणेला थोडे चालून गेले की एक उघडे मैदान लागते. मी गेलो तेव्हा चारदोन म्हातारी माणसे कुत्री फिरवीत होती, एवढेच. शहरभर उंच खांबांवरून धावणारा मोटारींचा हमरस्ता येथे मात्र निमूटपणे जमिनीवर उतरतो, कारण मातीखाली एक राजवाडा आहे. मोटारींची ही अदब मला फार आवडली.

राजवाडा म्हणजे काय, तर खांबांचे खड्डे! यामाने तोकुतारो या संशोधकाने १९५४ पासून येथे खणायला सुरुवात केली. आज नजरेत भरणारा चौथरा आठव्या शतकातल्या शोमू सम्राटाच्या वाड्याचा, नव्याने बांधून दाखविलेला. त्याहून जुना वाडा कोतोकु सम्राटाचा. खांब सरळ मातीत पुरलेले, छपराला कौल नाही. ६८६ साली तो जळाला. आगीच्या खुणा खड्ड्यांतून सापडल्या आहेत. मी आलो होतो तो या कोतोकुसाठी.

त्याची कथा सुरू होते खुनाने. ६४५ साली आसुकाच्या दरबारात, कोग्योकु राणीच्या देखत, तिचा मुलगा नाका नो ओए आणि त्याचा सोबती कामातारी यांनी सोगा घराण्यातल्या इरुकाला ठार केले. सोगा हेच तेव्हाचे खरे धनी. राणीने गादी सोडली. राजपुत्र धोरणी, तो स्वतः बसला नाही, मामाला बसविले. तो मामा म्हणजे कोतोकु.

नव्या राजाने शक सुरू केला, 'ताइका', म्हणजे मोठा पालट. जपानचा हा पहिला शक; २०१९ साली सुरू झालेला 'रेइवा' त्याच माळेतला. राजधानी डोंगरकुशीतून नानिवाच्या बंदराशी, म्हणजे आजच्या ओसाकात आली. ६४६ च्या वर्षारंभी जाहीरनामा निघाला. सरदारांच्या खाजगी जमिनी आणि खाजगी माणसे बंद, प्रांतांची आखणी, घरटी नोंदवह्या, भातशेतांची वाटणी, नवे कर. नमुना अर्थात चीनचा. अवाढव्य कबरींवर बंधने आली, धन्यामागे माणसे मारायला मनाई झाली. मला भावली ती घंटा. दरबारात एक पेटी ठेवली आणि घंटा टांगली. तक्रार पेटीत टाकावी. दाद लागली नाही तर घंटा वाजवावी.

हे सारे आपण वाचतो ते ७२० साली पुऱ्या झालेल्या 'निहोन शोकी' या इतिहासात. जाहीरनाम्यात जिल्ह्यासाठी जे अक्षर आहे, ते ७०१ पूर्वी रूढ नव्हते, असे फुजिवारा येथे सापडलेल्या लाकडी पट्ट्यांवरून दिसले. म्हणजे लेखनिकांनी मागाहून हात फिरविलाच. पण सारेच बनावट म्हणावे तर हे मैदान आडवे येते. एवढे ऐसपैस अंगण आणि दुतर्फा कचेऱ्यांच्या रांगा कोणी उगाच बांधीत नाही.

वाडा ६५२ साली पुरा झाला. दुसऱ्याच वर्षी भाचा म्हणाला, आसुकाला परत जाऊ. मामा नाही म्हणाला. भाचा थांबला नाही. आई निघाली, भाऊ निघाले, आणि बहीण हाशिहितोही निघाली. ही हाशिहितो म्हणजे खुद्द कोतोकुची राणी! (मामाशी लग्न झालेल्या भाच्या आपल्या वाचकांना नव्या नाहीत.) मागोमाग सारे अंमलदार गेले. राजाने गादी सोडायचे मनात आणले, यामाझाकीला वेगळा वाडा बांधायला सांगितले, राणीला एक कविता धाडली. पुढल्या वर्षारंभी उंदीरसुद्धा रात्री यामातोकडे, म्हणजे आसुकाच्याच दिशेने, निघाले, असे इतिहासकार गंभीरपणे नोंदवितो. ६५४ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी राजा आजारी पडल्याचे कळले, तेव्हा भाचा, बहीण, राणी सारी धावत आली. दहा दिवसांच्या आत तो त्याच वाड्यात वारला.

कोतोकु हे भाच्याच्या हातचे बाहुले, असे पुष्कळांचे मत आहे. मला ते पटत नाही. बाहुले नाही म्हणत नसते. आणि ज्याने रयतेसाठी घंटा टांगली, त्याने स्वतःची तक्रार कोणत्या पेटीत टाकावी?

दुसऱ्या दिवशी कामिनोताइशी स्टेशनावर उतरून मी त्याची कबर पाहिली. झाडांनी भरलेली लहानशी गोल टेकडी. उगुइसू या गाणाऱ्या पाखराच्या नावाने ती ओळखतात. पायथ्याशी ताकेनोउचीची जुनी वाट, यामातोकडे जाणारी. त्याचा मुलगा आरिमा याला बंडाच्या आरोपावरून ६५८ साली फाशी दिले. भाचा ६६८ मध्ये रीतसर सम्राट झाला.

कबरीला कुंपण आहे, आत जायला मनाई आहे. उन्हे उतरेपर्यंत बाहेर उभा राहिलो. मग स्टेशनाकडे वळलो. माझी गाडीही आसुकाच्याच बाजूची होती.