फिरल्यावर दिसेल ते

आकाशपाळण्यातून नुकत्याच उतरलेल्या माणसाला विचारून पाहा, ‘तुमच्या डब्यावर काय रंगवलं होतं हो?’ सांगता यायचं नाही. खरं तर त्याच्या पाठीशी मोर होता. पुढच्या डब्यावर कमळ होतं, त्याच्या पुढच्यावर हंसांची जोडी, आणि एका डब्यावर, का कोण जाणे, डोंगरातलं लाल कौलांचं घर, मागे बर्फ, पुढे निळंशार तळं. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खटाव-माणची माणसं त्या स्वित्झर्लंडात बसतात, वर जातात, डोळे गच्च मिटून खाली येतात. पोरगं धरायचं, पदर आवरायचा, खिशातला मोबाईल चाचपायचा. त्यात चित्राकडे बघणार कोण? आणि खाली उभे असतात ते आपलं माणूस कितव्या डब्यात आहे ते शोधत असतात.

तरी ते चित्र दरवर्षी नव्यानं काढलं जातं. ते काढणाऱ्या एका माणसाच्या आसपास मी बरीच वर्षं रेंगाळत आलो आहे. वय साठीपुढचं, मूळ कोल्हापूरकडचे. पाळण्याचे मालक त्यांना ‘पेंटर’ म्हणतात, हाताखालची पोरं ‘पेंटरमामा’ म्हणतात. मीही पेंटरच म्हणतो. आडनाव विचारायची वेळ कधी आली नाही.

जत्रांचं वर्ष कार्तिकीनंतर सुरू होतं, चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांनी भराला येतं आणि मृगाचे ढग दिसले की आवरतं. मग पाळणे सुटे होतात आणि कुठल्या तरी वखारीमागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली चार महिने गंजत पडतात. गणपती उठले, भाद्रपदाचं ऊन तापलं की पेंटर येतात. त्याआधी येऊन उपयोग नसतो. दमट हवेत ऑइलपेंट धड वाळत नाही, रंगावर धुकट साय येते, आणि ओल्या रंगावर चिलटं येऊन बसतात ती कायमची. दसऱ्याला पाळण्याची पूजा व्हायची असते, तेव्हा मधल्या दिवसांत सगळं उरकायचं. आधी पत्रा पॉलिश पेपरनं घासायचा, गंज काढायचा, रेड ऑक्साइडचा हात मारायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, ती वाळली की पुन्हा घासायची. ही सगळी पोरांची कामं. पेंटर तेवढ्या वेळात उलट्या बादलीवर बसून बिडी ओढतात आणि पोरांना शिव्या घालतात. पाया कच्चा राहिला तर माघापर्यंत मोराची मान सोलून निघते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

चित्र काढताना मात्र ते बोलत नाहीत. खडूनं दोनचार खुणा, मनगटाखाली टेकायला एक काठी, रंग डब्याच्या झाकणात. मोर साताठ ओढींत उभा राहतो. खरी गंमत नंतर असते. रंग वाळला, डबे पाळण्याला अडकवले, की ते मालकाला म्हणतात, ‘‘शेट, चालू करा.’’

‘‘अहो पेंटर, डिझेल काय फुकट येतंय?’’

‘‘मग मोर फुकट गेला म्हणा.’’

पाळणा सुरू होतो. पेंटर पार कुंपणापाशी जाऊन उभे राहतात, पाळण्याकडे पाठ करून. मग एकदम वळून बघतात, पुन्हा पाठ करतात. येणाऱ्याजाणाऱ्याला तो तसाच दिसणार, म्हणून. एकदा ते तसेच परत आले आणि मोराच्या पिसाऱ्यातले निम्म्याहून जास्त डोळे त्यांनी निळ्यानं पुसून टाकले. चांगले मेहनतीनं काढलेले होते. उरले त्यांच्याभोवती बोटभर जाड काळी कड दिली आणि कडेच्या आत पांढऱ्याची एक रेघ सोडली. ‘‘बारकं काम हितनं दिसत न्हाई ओ,’’ ते म्हणाले, ‘‘नुसतं वळवळतंय.’’ जवळून तो मोर आता अगदीच ओबडधोबड दिसत होता. पाळणा फिरला तेव्हा मात्र कुंपणापासून मोरच दिसला.

चित्रकलेच्या शाळेत उभ्या माणसानं उभ्या चित्राकडे बघायचं असं गृहीत धरलेलं असतं. या धंद्यात दोघांपैकी एक तरी हलत असतो, बहुधा दोघंही. त्यामुळे शिकायचं ते वेगळंच असतं: डोळा काय गाळतो. पेंटरांनी एकदा आकड्यांच्या चक्रीला, म्हणजे पैसे लावून फिरवतात त्या चाकाला, एकाआड एक पिवळ्या आणि निळ्या पाकळ्या दिल्या होत्या. उभी असताना चक्री अशी उठून दिसायची की बघत राहावं. फिरवली की दोन्ही रंग मरायचे आणि राखाडी धूर उरायचा. चक्रीवाला भांडायला आला. पेंटरांनी लाल-पांढरी करून दिली. फिरल्यावर गुलाबी दिसते, आणि जत्रेत गुलाबी चालतं. जेम्स क्लर्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १८५०च्या दशकात रंगीत चकत्या भोवऱ्यासारख्या फिरवून, कोणते रंग मिसळले की डोळ्याला काय दिसतं, याची गणितं मांडली होती. पिवळ्या-निळ्याची राख त्यालाही भेटली होती. हे मी पेंटरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘त्याला चक्रीचं पैसं कुणी दिलं?’’

ही माणसं कुठून शिकली, असं विचारलं की कोल्हापूरकडची मंडळी जरा ताठ होऊन बसतात. त्यांच्याकडे तसं कारण आहे. बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले: महाल, जंगलं, रस्ते. तेही दूरवरच्या, खालून दिव्यांनी उजळलेल्या रंगमंचावर बघायचे. पुढे बाबूरावांनी हातानं कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२०मध्ये ‘सैरंध्री’ केला, आणि आडनावाच्या जागी धंद्याचं नाव लावून बाबूराव पेंटर म्हणूनच गेले. त्यांच्या चित्रपटांची पोस्टरंही त्यांच्याच हातची. तिथपासून कोल्हापुरात पाट्या, पडदे, ट्रक, देवळांच्या भिंती आणि पाळणे रंगवणाऱ्यांची जी साखळी लागली, तिच्या कुठल्या तरी कडीला आमचे पेंटर लटकलेले आहेत. तिकडे पंढरपूरला, म्हणजे वारीच्या गावात, १९१५ साली मकबूल फिदा हुसेन जन्मले; त्यांनीही मुंबईत आधी सिनेमाची होर्डिंगंच रंगवली. त्यांची ती लांब, न थबकणारी रेघ मला नेहमी होर्डिंगच्या मापाची वाटत आली आहे. हातभर चेहरा रंगवायला मनगट पुरतं. दहा फुटांचा असला की खांद्यापासून हात फिरवावा लागतो, आणि ती सवय पुढे कागद लहान झाला तरी जात नसावी. समीक्षकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

बायकांचे चेहरे पेंटर शिकले ते चित्रकार दलाल-मुळगावकरांच्या दिवाळी अंकांवरून. लक्ष्मी-सरस्वती शिकले कॅलेंडरांवरून, आणि कॅलेंडरं मुळात राजा रविवर्म्याच्या छापखान्याची वंशावळ सांगतात. १८९४मध्ये मुंबईत सुरू झालेला तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला होता. म्हणजे पाळण्याच्या डब्यावरची लक्ष्मी ही नकलेची नक्कल. त्यात लाज वाटण्यासारखं पेंटरांना काही दिसत नाही, मलाही नाही. फक्त लक्ष्मीच्या मागे स्वित्झर्लंड का, याचं उत्तर मिळत नाही. ‘‘गार वाटतं,’’ एवढंच म्हणतात. माणदेशातल्या जत्रेसाठी हे कारण पुरेसं आहे.

इंग्लंडमध्ये या कामाचं कौतुक फार जुनं. किंग्ज लिनच्या फ्रेडरिक सॅव्हेजनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर फिरणारे लाकडी घोड्यांचे पाळणे बनवले आणि गावोगावच्या मेळ्यांत ते फिरू लागले. प्रत्येक घोड्याच्या मानेवर रंगवलेली फीत, फितीवर त्याचं नाव. आता गंमत बघा: इंग्लंडातले हे घोडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, म्हणून गर्दीकडे त्यांची डावी बाजू येते, अमेरिकेत उलटे फिरतात, तिथे उजवी. कोरीवकाम करणाऱ्यांनी फुलं, आयाळीची वळणं, जिनावरचे दागिने ज्या बाजूला गर्दी त्या बाजूला घातले आणि आतली बाजू साधी ठेवून पैसे वाचवले. हे वाचून मला आमचे पेंटर आठवले. डब्याच्या आतल्या अंगाला तेही एकच हात मारतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये फ्रेड फाउल नावाचे रंगारी होऊन गेले. ॲल्युमिनियमचा वर्ख चिकटवून त्यावर ते पारदर्शक लाल-हिरवे रंग चढवायचे, म्हणजे विजेचे दिवे लागले की रंग आतून पेटल्यासारखा दिसे. शेफील्ड विद्यापीठानं १९९४मध्ये जत्रांचा स्वतंत्र संग्रह सुरू केला. जुन्या फळ्या तिकडे जपून ठेवतात.

आपल्याकडे खरवडतात. एखाद्या जुन्या डब्याची कड फुटलेली असली तर तिथे रंगाचे थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे मोजता येतात: वर मोराचा निळा, खाली कुठला तरी नारिंगी, त्याखाली चंदेरी, मग पुन्हा निळा. मी एकदा नखानं उकरत बसलो होतो. पेंटर म्हणाले, ‘‘सगळं माझंच हाय ते. आन् खालचं वाईट होतं.’’ जपण्याविषयीची माझी सगळी वाक्यं तिथंच खुंटली. त्या चित्रांचं आयुष्य एका हंगामाचं आहे हे धरूनच ती काढलेली असतात. सोनेरी पूड वर्षभरात हिरवट काळी पडते हे माहीत असूनच वापरलेली असते.

सगळ्यांत जास्त कष्ट घेतले जातात ते मौत का कुआंच्या दर्शनी फलकावर. तिथे चित्रानं तिकीट खपवायचं असतं. फलकावर मोटरसायकलवर हात सोडून उभा असलेला स्वार, मागे ज्वाळा, कोपऱ्यात उगाच एक वाघ. आतमध्ये वाघ नसतो, ज्वाळाही नसतात. एक जुनी यामाहा आणि एक घासलेली मारुती असते. पण वरच्या कठड्यावरून वाकून बघताना पायाखालच्या फळ्या थरथरतात तेव्हा वाघाची आठवण कुणालाच होत नाही. नागकन्येच्या तंबूचं गणित उलटं. बाहेर कंबरेखाली हिरवे-सोनेरी खवले, एकेक खवल्याला उजेडाचा ठिपका. आत आरशाच्या युक्तीमागे कंटाळलेली एक मुलगी. तिथे चित्रच खरा खेळ असतं आणि तंबू नुसता निमित्ताला. मौत का कुआंच्या आतल्या भिंतीवर पेंटरांना चित्र काढू देत नाहीत. वरच्या कडेपासून थोडं खाली एक लाल पट्टा मात्र काढून घेतात, स्वारानं त्याच्या वर जायचं नाही म्हणून. त्या पट्ट्याला पेंटर दोन हात मारतात आणि कधी नव्हे ते सुतळी लावून रेघ सरळ आहे का ते तपासतात.

तमाशाच्या फडांचे ट्रक हा आणखी वेगळा प्रांत. नारायणगावला पाडव्याच्या आसपास राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपाऱ्या द्यायला येतात, तेव्हा फडाची ऐपत आधी ट्रकवर वाचली जाते. मालकिणीचं नाव, सह लोकनाट्य तमाशा मंडळ, खाली गाव. हे अक्षर रस्त्यानं येताना, धुरळ्यातून, समोरून वाचता यायला हवं. पेंटर आधी शिरोरेघ ओढतात आणि अक्षरं तिला एकेक करून टांगतात. मग उजवीकडून खाली सावली, मग कडेला उजेडाची बारीक रेघ. त्या रेघेसाठी त्यांच्याकडे मुंगसाच्या केसांचा एक जुना ब्रश आहे, दांड्याला दोरा गुंडाळलेला. मुंगसाला वन्यजीव कायद्यानं संरक्षण आहे आणि असे ब्रश विकणं गुन्हा आहे, हे योग्यच झालं. शेरकोटहून येणाऱ्या नायलॉनच्या ब्रशाला मात्र ते शिव्या देतात. रंग धरत नाही, ओढ अर्ध्यात कोरडी पडते. ‘ळ’ला तर हमखास.

फ्लेक्सबद्दल लिहायचा कंटाळा आला आहे, सगळेच लिहितात. सपाट पाट्या गेल्या, रेडियमवाल्यांनी ट्रकची अक्षरं नेली, हे खरं. पण पाळण्याच्या डब्याला पोट असतं, बदकाला मान असते, आणि गोलाईवर फ्लेक्सला सुरकुत्या पडतात. फायबरचे घोडे कारखान्यातून रंगूनच येतात, तरी दोन हंगामांत नाक आणि खुरं झिजतात, डोळे तर पोरं नखांनी उकरून काढतात. ते डोळे पुन्हा काढायला कुणीतरी लागतंच. पेंटरांचं पोट अजून तरी अशा गोलाईवर आहे.

त्यांची खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. पूर्वी पाळण्यावर पिवळे बल्ब असत. त्या उजेडात लाल आणि नारिंगी खुलायचे, म्हणून पेंटरांचा हात लालवर सैल होता. आता एलईडीच्या माळा आल्या. निळा किंवा हिरवा दिवा लागला की त्यांचा लाल पार काळा पडतो. गेल्या हंगामात कमळं रात्रभर डांबराची दिसत होती आणि शेट चिडले होते. यंदा काम अंगावर घेण्याआधीच पेंटरांनी विचारलं, ‘‘दिवं कुठल्या रंगाचं लावणार?’’

‘‘सगळ्या. दर मिनिटाला बदलतात.’’

पेंटरांनी बिडी विझवली आणि पोराला हाक मारली, ‘‘लाल ठेव आत. पांढऱ्याचा मोठा डबा काढ, आन् काळा.’’